गुडघे, शुगर, विस्मरण, म्हातारपण सगळ्यावर एकच 'स्टेम सेल पॅकेज'? नाशिककरांनो, पैसे भरायच्या आधी इथे बोलूया

अनुजा_इंदिरानगर

नमस्कार मंडळी, धागा लांबणार आहे पण विषयच तसा आहे.

पंचवटीत आमच्या आत्या राहतात, वय 71, गुडघे दुखतात, शुगर आहे, बाकी तब्येत ठणठणीत. त्यांच्या हास्यक्लबमध्ये कोणीतरी पत्रकं वाटली, गंगापूर रोडच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये मोफत माहिती शिबिर, नंतर नाश्ता. आत्या आणि त्यांच्या दोन मैत्रिणी निघाल्या, मी सोबतीला गेले. स्क्रीनवर आधी जपानी शास्त्रज्ञ यामानाकांचा फोटो, 2012 चं नोबेल. मग आयआयटी मुंबईतल्या कॅन्सरवरच्या कार-टी थेरपीचा, राष्ट्रपती मुर्मूंच्या हस्ते एप्रिल 2024 मध्ये लाँच झालं तो फोटो. आणि त्याच्या पुढच्याच स्लाईडवर यांचं पॅकेज! गर्भनाळेतल्या स्टेम सेल्स म्हणजे मूळ पेशी सलाईनमधून, जोडीला 'इम्युनिटीसाठी' एनके सेल्स, म्हणजे एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी. गुडघे, शुगर, विसरभोळेपणा, थकवा, सुरकुत्या, सगळ्याला तेच. रक्कम लाखांत, आजच्या आज बुकिंग केलं तर सूट.

मी मायक्रोबायोलॉजी शिकवते त्यामुळे राहवलं नाही, संमतीपत्र मागितलं. चार पानं इंग्रजीत, आणि तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात की ही पद्धत प्रायोगिक आहे आणि परिणामांची कोणतीही हमी नाही. पावतीचा नमुना बघितला तर त्यावर उपचार हा शब्दच नाही, 'वेलनेस सर्व्हिस' लिहिलेलं. माझ्या शेजारी बसलेल्या काकांनी तोवर चेकबुक काढलं होतं.

मला राग याचा येतो की आधीच्या स्लाईड्स शंभर टक्के खऱ्या होत्या. यामानाकांनी 2006 मध्ये उंदराच्या साध्या पेशींना चार जनुकांच्या जोरावर परत मूळ अवस्थेत नेऊन दाखवलं, दुसऱ्या वर्षी माणसाच्या पेशींत तेच केलं, हे खरंच अचाट काम आहे. कार-टी ने ल्युकेमियाचे पेशंट घरी गेलेत हेही खरं. पण त्या कामाचा आणि हॉलमध्ये विकायला ठेवलेल्या बाटलीचा काडीचा संबंध नाही, पेशी वेगळ्या, आजार वेगळा, पुरावा तर नाहीच. म्हणजे खऱ्या संशोधनाची पत वापरून भलतंच विकायचं चाललंय, आणि लोक फसतात ते अडाणी असतात म्हणून नाही, बातमी खरी असते म्हणून फसतात.

नियम काय आहे ते सांगते. आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद) आणि डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) यांची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या आजारांसाठी रक्तपेशी तयार करणाऱ्या मूळ पेशींचं ट्रान्सप्लांट, म्हणजे आपण बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतो ते, हा मान्य उपचार. बाकी स्टेम सेलचा कुठलाही वापर ही क्लिनिकल ट्रायल धरायची, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. अपवाद फक्त ज्या उत्पादनाला केंद्राच्या औषध नियंत्रकांनी रीतसर मान्यता दिलीये त्याचा.

आणि सलाईनमधून दिलेल्या पेशी 'जिथे बिघाड आहे तिथे आपोआप पोचतात' असं तिथे चार वेळा सांगितलं गेलं. गर्भनाळेतल्या या पेशींना मेसेनकायमल म्हणतात, त्या आकाराने मोठ्या असतात, शिरेतून सोडल्या की पहिल्याच फेरीत बऱ्याचशा फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात. गुडघ्यात किंवा मेंदूत जाऊन नवीन भाग तयार करत बसत नाहीत.

तुमचे अनुभव लिहा. क्लिनिकचं, डॉक्टरचं नाव नको, भांडण नको, माहिती हवी.

---

सातपूरकर

चांगला धागा ताई. पण एक शंका आहे, माझ्या मोठ्या भावाला ऑर्थोपेडिक डॉक्टरांनीच सांगितलं की गुडघ्यासाठी एक स्टेम सेल इंजेक्शन मान्यताप्राप्त आहे म्हणून. मग तेही खोटं का?

---

डॉ_देवळाली

सातपूरकर, ते खोटं नाही. मी पॅथॉलॉजीतला, रक्तपेढीत बरीच वर्षं काढली आहेत. बंगळुरूच्या एका कंपनीचं उत्पादन आहे, निरोगी दात्यांच्या बोन मॅरोतून पेशी घेऊन वाढवलेलं, त्याला 2022 मध्ये गुडघ्याच्या संधिवातासाठी मान्यता मिळाली. पण ग्रेड दोन आणि तीन साठी, म्हणजे कूर्चा झिजलीये पण अजून शिल्लक आहे अशांसाठी, आणि थेट सांध्यात द्यायचं. हाडावर हाड घासतंय अशा ग्रेड चारच्या माणसाला त्याच्या नावाखाली आशा लावणं बरोबर नाही. शिवाय ही मान्यता त्या एका उत्पादनाला त्या आजारासाठी आहे, तिच्या आडून दुसऱ्या कोणी गर्भनाळेच्या पेशी सलाईनमधून द्यायच्या असं होत नाही. भावाला एक्स-रेचा ग्रेड विचारायला सांगा, आणि इंजेक्शनच्या खोक्यावरचं नाव मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवायला सांगा.

आणखी एक, पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग, ते स्टेम सेल नव्हे. काही ठिकाणी पीआरपी देऊन बिलावर स्टेम सेल लावतात.

---

निफाडची_सून

खरं ट्रान्सप्लांट कसं असतं ते मी जवळून बघितलंय म्हणून लिहिते, लोकांना वाटतं पेशी दिल्या की झालं.

माझ्या सासऱ्यांना मायलोमा, म्हणजे बोन मॅरोमधला कॅन्सर निघाला, पाठ दुखते म्हणून वर्षभर मलम चोळत होते आणि मणका खचला तेव्हा कळलं. आधी केमो, मग त्यांच्याच मूळ पेशी मशीनने रक्तातून वेगळ्या करून गोठवून ठेवल्या. मग मेल्फालान नावाचं जबरदस्त औषध, त्याने मॅरो जवळजवळ रिकामा होतो. ते चालू असताना सिस्टर त्यांना तोंडात बर्फाचे तुकडे धरून ठेवायला लावत होती, का तर तोंडात रक्तपुरवठा कमी झाला की औषध तिथे कमी पोचतं आणि फोड कमी येतात. सासरे थंडीने कुडकुडतायत आणि ती बाई दर थोड्या वेळाने नवीन बर्फ घेऊन हजर.

दुसऱ्या दिवशी पेशी परत दिल्या. छोटी पिशवी, बघता बघता संपली. आणि खोलीत लसणाचा वास! मी घाबरले, तर म्हणे पेशी गोठवताना जे द्रव्य घालतात ते श्वासातून बाहेर पडतं, त्याचा वास आहे. तो वास दुसऱ्या दिवशीही येत होता. त्यानंतरचे दिवस खरे कठीण, पांढऱ्या पेशी शून्याच्या आसपास, ताप, जुलाब, घरचं अन्न बंद, आम्ही दाराच्या काचेतून बघायचो. मग एक दिवस रिपोर्टमध्ये काउंट वर सरकला आणि रेसिडेंट डॉक्टर स्वतः सांगायला धावत आला.

मायलोमा यानेही कायमचा जात नाही हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं, स्वच्छ मराठीत, कागदावर काढून. त्यामुळे कोणी म्हणालं की दोन सिटिंगमध्ये सगळं बरं, तर मला लगेच शंका येते.

---

पिंपळगावचा_बागायतदार

वहिनी, वाचून अंगावर काटा आला. सासरे आता बरे आहेत ना?

मला एक विचारायचं होतं, दुसऱ्या माणसाचा मॅरो बसवला तर पेशंटचा रक्तगट बदलतो असं ऐकलं, हे खरं का? आमच्या बागेत डॉगरिजच्या खुंटावर थॉमसनची काडी भरतो, खाली एक आणि वर दुसरंच, तसं काही होतं का माणसात?

---

डॉ_देवळाली

अगदी खरं आहे दादा. दाता आणि पेशंट यांचा रक्तगट वेगळा असला तरी ट्रान्सप्लांट होतं, जुळावे लागतात ते एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा. आणि मग काही महिन्यांत पेशंटचा रक्तगट दात्याचा होतो, कारण रक्त आता दात्याच्या पेशी तयार करत असतात. तुमची उपमा मी पेशंटना सांगणार आहे. फरक इतकाच की माणसात ही नवीन काडी कधीकधी खुंटावरच उलटते, दात्याच्या रोगप्रतिकारक पेशी पेशंटच्या त्वचेवर, आतड्यांवर, लिव्हरवर हल्ला करतात. पण त्याच पेशी उरलेला कॅन्सरही मारतात. डॉनल थॉमस यांनी 1957 मध्ये माणसांवरचे पहिले प्रयत्न छापले, तेव्हाचे जवळजवळ सगळे पेशंट दगावले होते, पुढे 1990 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे टाटा मेमोरियलने 1983 मध्ये सुरुवात केली. एवढा काळ लागलाय हे स्थिर व्हायला.

थॅलेसेमियाची मुलं असलेल्या घरांसाठी एक सांगतो, कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना आहे, ठरलेल्या हॉस्पिटलांत ट्रान्सप्लांटसाठी 10 लाखांपर्यंत मदत मिळते. भावाबहिणीचं एचएलए जुळत असेल तर वेळ घालवू नका.

---

ओझरकर

कार-टी बद्दल मी लिहितो, भाचीच्या मुलाला दिलीये. बी-सेल ल्युकेमिया, शाळेत असताना एकदा बरा झाला होता, कॉलेजात गेल्यावर उलटला. केमोला दाद देईना. डॉक्टर म्हणाले की आपल्याच देशात तयार झालेली आहे, नेक्सकार19, ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली, आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार आणि टाटाच्या डॉक्टरांचं काम. अमेरिकेत हाच प्रकार तीन-चार कोटींना पडतो, इथे तीस-चाळीस लाखांच्या घरात. आता तीस-चाळीस लाख म्हणजे आमच्यासारख्यांना डोंगरच, एचएएलमधून रिटायर झालेल्या माणसाची ती आयुष्याची पुंजी. नातेवाइकांनी काढून दिले, सोसायटीचं कर्ज, ट्रस्ट, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज, भाचीच्या दिराने द्राक्षाचे पैसे आले तसे आणून दिले.

करतात काय, तर मुलाच्या रक्तातून टी-पेशी काढतात, लॅबमध्ये विषाणूच्या मदतीने त्यांच्यात एक नवीन जनुक घालतात, त्यामुळे त्यांना कॅन्सरच्या पेशीवरची सीडी19 ही खूण ओळखता येते. मग वाढवून, तपासून परत देतात. त्याला मध्ये काही आठवडे जातात आणि तेवढे दिवस आजार आवरून धरणं हेच आम्हाला सर्वात जड गेलं. पेशी दिल्यानंतर ताप चढला तो उतरेना, बीपी खाली. याला सायटोकाईन रिलीज म्हणतात, पेशी कामाला लागल्या की शरीरभर आग होते. टोसिलिझुमॅब नावाचं इंजेक्शन दिलं, संध्याकाळपर्यंत ताप उतरला.

---

अनुजा_इंदिरानगर

ओझरकर काका, मन भरून आलं. त्या इंजेक्शनची गोष्ट माहितीये का? ते मुळात संधिवाताचं औषध. 2012 मध्ये अमेरिकेत एमिली व्हाईटहेड नावाच्या सहा वर्षांच्या मुलीला कार-टी दिली, जगातलं पहिलं लहान मूल, आणि ती असाच ताप येऊन मरणाच्या दारात गेली. रक्तात आयएल-6 हे दाह वाढवणारं प्रथिन प्रचंड वाढलेलं दिसलं म्हणून डॉक्टरांनी हे औषध देऊन पाहिलं आणि ती काही तासांत सावरली. आज ती तरुण मुलगी आहे. त्या एका मुलीमुळे तुमच्या नातवाच्या वेळी ते इंजेक्शन वॉर्डात तयार होतं. मुलगा कसा आहे आता?

---

ओझरकर

मॅरोमध्ये आजार दिसत नाहीये. पण या पेशी चांगल्या बी-पेशीही मारतात त्यामुळे अँटिबॉडी कमी पडतात, इन्फेक्शन पटकन होतं, मध्येमध्ये इम्युनोग्लोब्युलिन चढवावं लागतं. पंचवटी एक्सप्रेसने ठाणे, तिथून पुढे लोकल, फेऱ्या चालूच आहेत. डॉक्टरांनी सांगितलंय की काही जणांत आजार परत येतो. पूर्ण बरा झाला असं अजून कोणी म्हणालेलं नाही, आम्हीही म्हणत नाही.

---

डॉ_देवळाली

काकांनी लिहिलंय तसंच आहे. नेक्सकार19 च्या चाचणीत सुमारे 73 टक्के पेशंटना गुण आला, 2025 मध्ये लॅन्सेट हिमॅटॉलॉजीत छापून आलं. इतर उपाय थकलेल्यांमध्ये हा आकडा फार मोठा आहे. आणि त्याच लेखात दुष्परिणाम, मृत्यू, आजार उलटलेले हेही दिलेलं असतं. शिबिरवाल्यांना त्यांच्या इतक्या पेशंटपैकी किती जणांना त्रास झाला विचारा, ते हिशेब ठेवतच नाहीत.

अलीकडचं सर्वात उत्साहाचं म्हणजे ल्युपस, ज्यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या शरीरावर उलटते. जर्मनीत एर्लांगेनला गेऑर्ग शेट यांच्या टीमने ल्युपस आणि तशाच ऑटोइम्यून आजारांच्या 15 पेशंटवर सीडी19 कार-टी वापरली, 2024 मध्ये छापलं, पेशंट बाकीची औषधं बंद करून राहू शकले. मोठ्या चाचण्या चालू आहेत, आपल्याकडे ल्युपसच्या बायकांनी आत्ता मात्र आपल्या गोळ्या सोडायच्या नाहीत.

---

आशा_आहे

तुम्हा सगळ्यांचं बरोबर असेल पण मला वाईट वाटतंय वाचून. माझ्या वडिलांना पार्किन्सन आहे, शर्टाचं बटण लावायला वीस मिनिटं लागतात, मदत केलेली चालत नाही. तुम्ही म्हणता थांबा, चाचण्या होऊ द्या. त्यांच्याकडे तेवढी वर्षं नाहीयेत. करून बघायला काय हरकत आहे? पैसे आमचे जातील. बुडत्याला काडीचा आधार वाटला तर त्याला हसू नका.

---

अनुजा_इंदिरानगर

आशाताई, कोणीही हसत नाहीये आणि हसू देणार नाही. तुमच्या जागी मी असते तर मीही सगळे फोन फिरवले असते.

पण 'काय हरकत' याचं उत्तर द्यायला हवं. 2015 मध्ये फ्लोरिडात एका क्लिनिकमध्ये वयोमानाने दृष्टी कमी झालेल्या तीन बायका गेल्या, 72 ते 88 वयाच्या. पोटाच्या चरबीतून काढलेल्या 'स्टेम सेल्स' दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या. प्रत्येकीकडून पाच हजार डॉलर घेतले. आधी त्यांना बऱ्यापैकी दिसत होतं, नंतर जवळजवळ आंधळ्या झाल्या. 2017 मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये ते छापून आलं. 2018 मध्ये अमेरिकेतच गर्भनाळेच्या रक्तापासून बनवलेल्या इंजेक्शनने 12 जणांना जंतुसंसर्ग होऊन हॉस्पिटलात जावं लागलं, गुडघेदुखी-पाठदुखीसारख्या साध्या तक्रारी घेऊन गेलेली माणसं होती ती. मी जंतू शिकवते, पेशींची पिशवी उकळून निर्जंतुक करता येत नाही, पेशीच मरतील, त्यामुळे पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळ्यांत तेल घालून स्वच्छता ठेवावी लागते. हॉटेलच्या शिबिरातून बुक केलेल्या पिशवीचं ते कोणी पाहिलंय?

---

डॉ_देवळाली

आशाताई, पार्किन्सनबद्दल खरी आशा आहे आणि ती मी तुमच्यापासून लपवणार नाही. एप्रिल 2025 मध्ये नेचरमध्ये दोन चाचण्या एकत्र आल्या. क्योटोत सात पेशंटना यामानाकांच्या पद्धतीने केलेल्या मूळ पेशींपासून बनवलेल्या, डोपामिन तयार करणाऱ्या पेशी दिल्या. दुसरीकडे अमेरिका-कॅनडात 12 जणांना भ्रूणाच्या मूळ पेशींपासून बनवलेल्या. पेशी टिकल्या, डोपामिन बनतंय असं स्कॅनवर दिसलं, गाठ झाली नाही, काहींचं हालचालीचं मोजमाप सुधारलं.

पण हे बघा कसं केलं. कवटीला छिद्र पाडून, मेंदूच्या पुटामेन या भागात सुईने नेमक्या जागी. सोबत शरीराने पेशी नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. पेशींची तयारी अशी की डोपामिनच्या पेशीच व्हाव्यात, अर्धवट राहिलेली एखादी मूळ पेशी आत गेली तर तिची गाठ होऊ शकते म्हणून गाळण्यावर गाळण्या. तुम्हाला इथे सांगतायत ते हाताच्या शिरेतून सलाईन. त्यातली पेशी पुटामेनपर्यंत जायचा रस्ताच नाही.

बाबांसाठी आज काय करता येईल ते विचारतो. गोळी जेवणाच्या किती आधी घेतात? प्रथिनं जास्त असलेल्या जेवणासोबत लेवोडोपा घेतली तर नीट शोषली जात नाही, ही वेळ बदलूनही फरक पडलेले पेशंट मी पाहिलेत. औषधाचा असर मध्येच जातो का हे आठवडाभर वहीत लिहा आणि न्यूरोलॉजिस्टला दाखवा. डीबीएसचा, म्हणजे मेंदूत इलेक्ट्रोड बसवायच्या शस्त्रक्रियेचा विषय कोणी काढलाय का? आणि फिजिओ रोज. तुम्ही जे पैसे तिकडे भरणार होता त्यात घरी येणारा चांगला फिजिओ कितीतरी महिने होईल.

---

आशा_आहे

गोळी ते वरणभातासोबतच घेतात. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. डीबीएसबद्दल विचारते. धन्यवाद डॉक्टर.

---

सिडकोची_आई

माझा मुलगा टाईप वन डायबेटिक आहे, नववीत. इन्सुलिन सुटलं अशी बातमी वाचली होती, ती खरी का?

---

अनुजा_इंदिरानगर

खरी आहे. जून 2025, झिमिसलेसेल, मूळ पेशींपासून केलेल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या आयलेट पेशी लिव्हरच्या शिरेत सोडल्या, पूर्ण डोस मिळालेल्या 12 पैकी 10 जण वर्षभराने इन्सुलिनशिवाय होते. पण ते सगळे असे मोठे पेशंट होते ज्यांची शुगर कळायच्या आत धोकादायक खाली जायची, आणि त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालूच ठेवावी लागतात. तुमच्या लेकाला आत्ता त्या औषधांचा धोका इन्सुलिनपेक्षा मोठा. इन्सुलिन बंद करायला सांगणाऱ्या माणसाच्या दारात जाऊ नका ताई.

ऑटिझमच्या पालकांसाठीही इथेच लिहिते, व्यक्तिगत मेसेज आलेत. डिसेंबर 2022 मध्ये नॅशनल मेडिकल कमिशननेच सांगितलंय की ऑटिझमवर स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही. स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी हळूहळू चालते, कंटाळा येतो, पैसे जातात, सगळं मान्य आहे, पण ती चालू ठेवा.

---

जिज्ञासू_कॉलेजरोड

मग 'वय कमी' करण्याचं काहीच नाही का? कार-टी ने म्हाताऱ्या पेशी काढतात असा व्हिडिओ पाहिला.

---

डॉ_देवळाली

उंदरांत. म्हातारपणी काही पेशी विभागायच्या थांबतात पण मरत नाहीत, आजूबाजूला दाह पसरवत राहतात. अशा पेशींवर यूपीएआर ही खूण असते ती धरून मारणाऱ्या कार-टी पेशी न्यूयॉर्कच्या टीमने 2020 मध्ये दाखवल्या, 2024 मध्ये म्हाताऱ्या उंदरांची शुगर आणि दमछाक सुधारल्याचंही छापलं. फार सुंदर काम आहे. निरोगी माणसाला यासाठी कार-टी द्यायची तर ओझरकर काकांनी लिहिलेला ताप आणि बीपी आठवा. वय कमी करण्यासाठी मान्यता मिळालेला पेशी उपचार आज जगात कुठेही नाही.

---

पिंपळगावचा_बागायतदार

सुनेला सातवा लागलाय, नाळेचं रक्त साठवायला कंपनीचे फोनवर फोन येतायत. साठवू का?

---

निफाडची_सून

दादा, आम्हीही विचारलं होतं. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेच 2018 मध्ये सांगितलंय की खासगी बँकेत 'विमा' म्हणून साठवण्याची शिफारस नाही. घरात थॅलेसेमिया वगैरे असलेलं भावंड असेल तर गोष्ट वेगळी. त्यापेक्षा तुमच्या गावातल्या पोरांची दात्री या मूळ पेशी दात्यांच्या रजिस्ट्रीत नावं नोंदवा, गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवतात, बस. आपल्या लोकांना परका दाता मिळत नाही कारण नोंदणीच कमी आहे.

आणि हो, सासरे बरे आहेत, परवा बागेत चक्कर मारून आले.

---

सातपूरकर

भावाचा ग्रेड चार निघाला. इंजेक्शनचा विषय संपला, आता रिप्लेसमेंटचं बघतोय.

पण सिन्नरला पुढच्या रविवारी तसंच शिबिर आहे, आमच्या कंपनीतल्या दोघातिघांनी नावं दिलीयेत. मी जाणार आहे त्यांच्यासोबत. काय विचारू?

---

अनुजा_इंदिरानगर

पेशी कुणाच्या, कुठल्या लॅबमध्ये वाढवल्या, लायसन्स कुठे आहे. मान्यता असेल तर औषध नियंत्रकांचं पत्र, त्यावर आजाराचं नाव बघा. ट्रायल म्हणाले तर सीटीआरआय, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदणीचा नंबर मागा आणि तिथेच मोबाईलवर त्या साईटवर टाकून बघा, हॉस्पिटलचं नाव आणि आजार जुळतो का ते. नंबर आहे म्हणजे गुण येतो असं नव्हे, पण ट्रायल असेल तर पैसे कसले, हे सगळ्यांसमोर विचारा. संमतीपत्र मराठीत मागा आणि घरी न्यायला मागा. देत नसतील तर पत्रक आणि पावतीचे फोटो काढा, राज्याच्या एफडीएचं (अन्न व औषध प्रशासन) नाशिकला ऑफिस आहे तिथे लेखी तक्रार करता येते, मी मसुदा करून देते. आणि म्हसरूळला आपलं आरोग्य विद्यापीठ आहे, त्यांनी पेशंटसाठी मराठीतून अशी व्याख्यानं ठेवावीत म्हणून एक पत्र लिहितेय, ज्यांना सही करायची त्यांनी मला मेसेज करा.

---

सातपूरकर

मसुदा पाठवा ताई, रविवारच्या आत प्रिंट काढून ठेवतो. सही माझी पण धरा.